साठाव्या दिवशीची सही

सकाळपासून मुस्तशार रुश्दी अल-बंदारी यांनी आपलं नाव एकोणचाळीस वेळा लिहिलं होतं, आणि एकदाही ते वाचता येण्यासारखं उतरलं नव्हतं.

चाळिसावा कागद त्यांनी पुढे ओढला. उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरलं, श्वास रोखला आणि पेन टेकवलं. पहिलं अक्षर बरं निघालं. दुसऱ्याला हात सुटला. शीन या अरबी अक्षराचे तीन दात म्हणजे उसवलेली शिवण झाली, आणि त्याच्या डोक्यावर बसायचे ते तीन ठिपके कुठल्या कुठे जाऊन पडले. आडनावापर्यंत पोचेस्तोवर कागदावर नाव असं उरलंच नव्हतं. त्यांनी तो कागद चुरगळून टोपलीत टाकला. टोपली आधीच भरलेली, त्यामुळे तो खाली घरंगळला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टाइप केलेली चौदा पानं नीट रचून ठेवली होती. चौदाव्या पानाच्या तळाशी सहीपुरती जागा कोरी होती, आणि त्या जागेवर नगात नावाच्या एका सव्वीस वर्षांच्या बाईची सात वर्षं अडून बसली होती. तिला शिक्षा होऊन आज साठावा दिवस. अपिलाची कारणं वकिलाच्या सहीनिशी दाखल करायला कायदा साठच दिवस देतो, आणि दाखल करून घेणारी खिडकी दोन वाजता बंद होते. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

"कितवा?" दारातून इन्साफने विचारलं.

रुश्दीसाहेबांच्या बायकोचं नाव इन्साफ. कोर्टात जन्म काढलेल्या माणसाच्या घरी रोज इन्साफ स्वयंपाक करते, हा विनोद कैरोतल्या प्रत्येक वकिलाने एकदा तरी केला होता, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटायचं.

"पेन खराब आहे," रुश्दीसाहेब म्हणाले.

"कालही पेनच खराब होतं. परवा टेबल डुगडुगत होतं. तेरवा उजेड कमी होता. रुश्दी, सगळं घर बिघडलंय, फक्त तुझा हात तेवढा चांगला, नाही का?"

हाताचा हा खेळ हिवाळ्यात सुरू झाला होता. आधी अंगठा, मग पंजा. डॉक्टरने दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे बरं होणारं नाही, सावकाश वाढणारं आहे, हेही सांगितलं. रुश्दीसाहेबांनी ते नाव आजवर कोणापुढे उच्चारलं नव्हतं. लोकांत ते उजवा हात कोटाच्या खिशात ठेवत, आणि कॉफी समोर आली की "आत्ताच घेतली" म्हणत.

दुसऱ्या एखाद्या वकिलाने एव्हाना वेडीवाकडी का होईना सही ठोकून पानं रवाना केली असती. पण रुश्दीसाहेबांना ते जमण्यासारखं नव्हतं, कारण ते रुश्दीसाहेब होते.

त्यांचे वडील तांताच्या कोर्टाबाहेर, पायरीशी छत्री उभारून, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अक्षर असं की आतले कारकून त्यांचा अर्ज हातात आला की आधी नुसता बघायचे. या म्हाताऱ्याचा मुलगा शिकला, कायद्याची परीक्षा वरच्या नंबराने पास झाला आणि सरकारी वकील म्हणून पहिल्यांदा सोहागला गेला. तिथे विंचू आणि खुनाचे खटले दोन्ही भरपूर. तिथून मन्सूरा, आणि चौतिसाव्या वर्षी थेट कैरोच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे सव्वीस वर्षं. अस्वानपासून अलेक्झांड्रियापर्यंत कोणालाही शिक्षा झाली आणि त्याने अपील केलं की ती फाईल या मजल्यावर यायची, आणि न्यायाधीशांनी बघण्याआधी सरकारी वकिलाने तिच्यावर मत लिहायचं. खून कोणी केला, का केला, हे रुश्दीसाहेब मागाहून बघत. आधी सही. कोर्टाचा जुना नियम होता: ज्या सहीवरून करणाऱ्याचं नाव वाचता येत नाही ती सही नव्हे, आणि सही नाही तर अपील नाही. नियम त्यांनी केला नव्हता, पण त्याला धार त्यांनीच लावली. त्यांच्या मतांच्या नकला नव्या पोरांना वाचायला देत. समोर सगळे त्यांना, वरच्या हुद्द्याच्या कायदेपंडिताला म्हणतात तसं, मुस्तशारसाहेब म्हणत, पाठीमागे दरवान. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. निवृत्तीनंतर त्यांनी वकिलीची सनद घेतली तेव्हा "दरवान उन्हात आला" म्हणून वकीलमंडळी हसली होती.

आता त्यांच्यापुढची चौदा पानं. शुब्रा वस्तीतल्या या घराखाली अब्दुल-मौजूदचं इस्त्रीचं दुकान आहे; कारागीर म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणतात. तीस वर्षं रुश्दीसाहेबांच्या सूटची घडी त्याच्या हाताखालून गेली होती. नगात त्याची मुलगी. तिचा नवरा जिन्यात मरून पडलेला सापडला. शेजारीण कोर्टात म्हणाली, नगातने लाटण्याने त्याच्या डोक्यात मागून घाव घातला, मी डोळ्यांनी पाहिलं. सरकारी डॉक्टरचा अहवाल म्हणत होता की जखम एकच, ती उजव्या कानशिलावर, आणि पायरीच्या कडेवर आपटूनही ती होऊ शकते. नगातच्या वकिलाने हे कोर्टात घसा फोडून सांगितलं होतं. निकालात त्यावर अवाक्षर नव्हतं. निकालाची प्रत मिळायलाच एकेचाळीस दिवस गेले. ती वाचली आणि रुश्दीसाहेब खुर्चीत ताठ बसले. असा निकाल टिकत नाही. वर जाऊन तो पडणारच, पण आधी अपील आत शिरायला हवं.

त्यांनी दोन फोन केले. सर्वोच्च न्यायालयात सही चालते असे वकील त्यांच्या ओळखीत ढीगभर, पण आज नेमका एक अस्यूतला गेलेला. दुसरा म्हणाला, "न वाचता सही करू नये हे तुम्हीच शिकवलंत, साहेब. शनिवारी पाठवा, बघतो." शनिवारी पाठवून काय उपयोग होता?

इन्साफ टोपलीबाहेरचे बोळे गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "लबीबकडे जा."

"कोणाकडे?"

"ऐकू आलंय तुला. त्याची कचेरी कोर्टापासून चार मिनिटांवर आहे."

"मी हात कापून घेईन, पण लबीबच्या दारात जाणार नाही."

"घे कापून. तसाही आज तो कामाचा नाही."

लबीब मिखाईल तादरोस. सोळा वर्षांपूर्वीपर्यंत हे दोघं रोज सकाळी कोर्टाच्या जिन्याखाली उभ्याउभ्या कॉफी प्यायचे, एक सरकारचा, एक आरोपींचा. लबीबची सही म्हणजे एक फटकारा असायचा, हवेत घार गेल्यासारखा. एके दिवशी त्याचं अपील रुश्दीसाहेबांच्या टेबलावर आलं. त्यांनी मत लिहिलं: सही वाचता येत नाही, सबब अपील दाखल करून घेऊ नये. न्यायाधीशांनी ते मानलं. लबीबच्या अशिलाला दहा वर्षांची शिक्षा होती, ती तशीच राहिली. त्या दिवशी लबीबने भर गर्दीत त्यांची कॉलर धरायचीच काय ती बाकी ठेवली. "माझ्याबरोबर रोज कॉफी पितोस, आणि तुला माझं नाव वाचता येत नाही?" रुश्दीसाहेब थंडपणे म्हणाले होते, "मला येतं. कागदाला येत नाही." हे वाक्य पुढे कोर्टात खूप गाजलं. लबीबने त्यांच्याशी बोलणं सोडलं.

साडेअकरा वाजता रुश्दीसाहेबांनी चौदावं पान पुढे ओढलं आणि, जे सरावाच्या चाळीस कागदांवर झालं होतं तेच, तिथे केलं.

"झाली सही," ते म्हणाले आणि पानं पाकिटात घालून उठले.

इन्साफने ती पाहिली होती. ती दारात आडवी आली नाही, नुसती बघत राहिली. तिच्या नजरेला नजर देण्याचं धाडस त्यांना झालं नाही.

मनात हिशेब सरळ होता. खिडकीवरचा कारकून पानं मोजतो आणि शिक्का मारतो, सही वाचत बसत नाही. आज कोणाला काही कळणार नाही. फाईल वर्ष-दीड वर्षाने तिसऱ्या मजल्यावर जाईल, आणि कदाचित एखादा आळशी पोरगा तिच्यावरून नजर फिरवून सोडून देईल. रुश्दीसाहेब स्वतःला असं सांगत होते, आणि त्यांचं त्यांनाच ते पटत नव्हतं, कारण त्या मजल्यावरची सगळी पोरं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली होती.

खाली उस्ता अब्दुल-मौजूद तयार उभा होता. ईदला घालायचा पांढरा झगा त्याने स्वतःच कडक इस्त्री करून चढवला होता. "मीही येतो साहेब. शिक्का पडलेला डोळ्यांनी बघतो, म्हणजे बुधवारी तुरुंगात भेटीला जाईन तेव्हा पोरीला सांगता येईल."

नको म्हणायला रुश्दीसाहेबांना तोंड नव्हतं.

टॅक्सी शुब्राच्या रस्त्यात शिरली आणि अडकली. पुढे एका बसचं चाक निखळलं होतं. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून बसवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, मग रेडिओचा आवाज वाढवला. बारा वाजून गेले. रुश्दीसाहेबांच्या मांडीवर पाकीट होतं आणि पाकिटाखाली हात. पाकीट सारखं थरथरत होतं. इंजिनामुळे हलतंय असं वाटायला हरकत नव्हती, पण ड्रायव्हरने इंजिन कधीच बंद केलं होतं.

उस्ता अब्दुल-मौजूद कधी शाळेत गेला नव्हता, पण नावं वाचायचा. गिऱ्हाइकं कपड्यांना नावाची चिठ्ठी टाचून देतात, त्या चिठ्ठ्या वाचत वाचत तो तेवढ्यापुरता शिकला होता. वर्तमानपत्रातली ओळ त्याला लागायची नाही, पण मजल्यामजल्यावरच्या गिऱ्हाइकांची नावं, मग ती डॉक्टरच्या अक्षरातली का असेनात, तो बिनचूक लावायचा. तीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याकडे गेला नव्हता. हे आठवलं आणि रुश्दीसाहेबांनी, का कोण जाणे, चौदावं पान काढून त्याच्यापुढे धरलं.

"उस्ता, हे काय लिहिलंय वाच बरं."

उस्ताने पानाकडे नीट पाहिलंही नाही. "मुस्तशार रुश्दी अल-बंदारी!" तो मोठ्याने, कौतुकाने म्हणाला.

"कशावरून?"

"आता तुम्ही लिहिलंत, तुमच्या घरी लिहिलंत, मग दुसऱ्या कोणाचं नाव असणार साहेब?"

"तसं नाही. समज, तू मला ओळखत नाहीस. ही चिठ्ठी एका शर्टाला टाचलेली आहे. शर्ट कोणाकडे देशील?"

उस्ता हसायला गेला, पण साहेबांचा चेहरा बघून थांबला. त्याने पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले. बोटाने एकेक वळण चाचपलं. ड्रायव्हरनेही आरशातून बघायला सुरुवात केली. बराच वेळ गेला.

"साहेब," उस्ता अखेर हळूच म्हणाला, "रागावू नका. हा शर्ट मला कोणालाच देता येणार नाही. तो दुकानातच पडून राहील."

बोलता बोलता त्यालाच आपल्या बोलण्याचा अर्थ लागला. त्याचा चेहरा उतरला. त्याने पानाकडे पाहिलं, मग साहेबांच्या मांडीवर उड्या मारणाऱ्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे माझी पोर..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

रुश्दीसाहेबांना वाटलं, गाडीतून उतरून गर्दीत नाहीसं व्हावं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. हा माणूस मुलीला सांगायला शिक्का बघायला निघाला होता, आणि आपण त्याला पोकळ शिक्का दाखवणार होतो.

"ड्रायव्हर," ते म्हणाले, "उलटी घे. आडव्या गल्लीतून घे. अद्ली रस्त्यावर सोड, आणि एकपर्यंत सोड."

एकला पाच मिनिटं असताना ते लबीबच्या इमारतीपाशी पोचले. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढताना रुश्दीसाहेब दोनदा कठड्याला टेकले. दार उघडलं ते पन्नाशीच्या पुढच्या, करड्या केसांच्या, बारीक अंगाच्या एका माणसाने. लबीबचा कारकून असावा.

"कोण आलंय म्हणून सांगू?"

"रुश्दी अल-बंदारी."

तो माणूस दाराची मूठ धरून क्षणभर तसाच उभा राहिला. मग "सांगतो" म्हणाला आणि आत गेला. उस्ता बाकावर टेकला. उठला. पुन्हा टेकला.

"येऊ दे दरवानाला!" आतून लबीबचा आवाज आला.

लबीब सत्तरीचा झाला होता, सुटला होता, पण आवाज तोच. खुर्चीतून तो उठला नाही. "सोळा वर्षं! बस. कॉफी घेणार? की आत्ताच घेतलीस? हल्ली सगळ्यांना तेच सांगतोस म्हणे."

रुश्दीसाहेब बसले नाहीत. नाक मुठीत धरून येणं म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळलं. त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर, लबीबच्या समोर ठेवला. हात टेबलावर पिसासारखा थरथरत राहिला, आणि टेबलाच्या काचेवर बोटांचा टकटक आवाज येऊ लागला. लबीबचं हसू मावळलं.

"माझं नाव मला लिहिता येत नाही," रुश्दीसाहेब म्हणाले. "आज साठावा दिवस आहे. बाहेर बसलाय त्या माणसाची मुलगी सात वर्षांसाठी आत आहे. अपील चांगलं आहे, लबीब. तुझी सही हवी."

लबीबने पाकीट उघडलं आणि आधी चौदावं पान पाहिलं. "ही काय नक्षी आहे?"

"माझं नाव."

"असं होय." लबीबने चष्मा चढवला. "मी न वाचता सही करत नाही. तेव्हापासून नाही करत."

आणि तो पहिल्या पानापासून वाचायला लागला. सावकाश. एकेका पानाला तो दोन-दोन मिनिटं घेत होता. मध्येच मागचं पान काढून ताडून बघत होता. एक वाजून दहा झाले. एक पंचवीस झाले. बाहेर उस्ता येरझारा घालत होता, त्याच्या वहाणांचा आवाज दारातून ऐकू येत होता. घाई कर म्हणायचा हक्क आपल्याला नाही, हे रुश्दीसाहेबांना कळत होतं. त्यांच्या पाठीवरून घामाची धार उतरत होती.

एक पस्तीसला लबीबने शेवटचं पान ठेवलं. "जखमेचा मुद्दा उत्तम मांडलायस. मेल्या, तू आमच्या बाजूला असतास तर किती माणसं सुटली असती." त्याने पेनचं टोपण काढलं, पण पेन हवेतच धरलं. "त्याचं नाव सांग."

"कोणाचं?"

"माझ्या अशिलाचं. सोळा वर्षांपूर्वीच्या."

रुश्दीसाहेबांनी तोंड उघडलं. "अपील नंबर चौदाशे बारा, वर्ष..."

"नंबर नको. नाव."

नाव आठवेना. त्यांना त्या फाईलीचं पुठ्ठ्याचं कव्हर आठवत होतं, बांधलेली दोरी आठवत होती, लबीबचा तो फटकारा डोळ्यांपुढे जसाच्या तसा होता. नाव नव्हतं.

"दहा वर्षं, रुश्दी. आणि तू म्हणालास, सही वाचता येत नाही."

"नियम..."

"नियम मलाही ठाऊक आहे! मी विचारतोय, तुला वाचता येत होती की नाही?"

रुश्दीसाहेबांचा हात टेबलावर टकटकत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

"येत होती," ते म्हणाले. "बघताक्षणी ओळखली होती. तुझी सही मी दहा पावलांवरूनही ओळखली असती. मला फोन करता आला असता. फाईल तेव्हा लगेच वर यायची, साठ दिवसांतले अकरा दिवस उरले होते. मी मोजले होते. आणि मग मी मत लिहिलं." त्यांनी मान वर करून लबीबकडे पाहिलं. "मला ते मत लिहिताना आनंद झाला होता, लबीब. मित्राचंसुद्धा चालत नाही या माणसापुढे, असं लोक म्हणतील म्हणून."

लबीबने मान न वळवता हाक मारली. "फहीम!"

दार उघडणारा तो करड्या केसांचा माणूस आत आला.

"हाच तो चौदाशे बारा," लबीब म्हणाला. "बाहेर आला तेव्हा कोणी कामावर घेईना. सहा वर्षं माझ्याकडे आहे. फहीम, हे मुस्तशारसाहेब. ह्यांना माझी सही पाहिजे. तू म्हणशील तर करतो, नाही म्हणशील तर नाही."

रुश्दीसाहेबांनी खुर्चीची पाठ धरली. फहीमने त्यांच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या हाताकडे पाहिलं. मग त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"हे काय चालवलंय वकीलसाहेब?" तो लबीबला म्हणाला. चढ्या आवाजात. "दोनला वीस कमी आहेत! खिडकीवरचा शाबान पावणेदोनपासूनच पडदा ओढायला लागतो. बाहेर तो बाप बसलाय, त्याच्या तोंडाचं पाणी पळालंय. माझं काय विचारताय? करा सही!"

लबीबने सही केली. शाळेतल्या मुलासारखी, एकेक अक्षर सुटं. लाम. बा, खाली एक ठिपका. या, खाली दोन. बा, पुन्हा एक. मिखाईल. तादरोस. प्रत्येक ठिपका नेमका आपल्या जागी. फहीमने शाईवर फुंकर मारली, पानं पाकिटात सरकवली आणि तो जिन्याकडे धावला. मागोमाग झगा वर खोचून उस्ता.

"पळ तूही," लबीब म्हणाला. "अशील तुझा आहे."

चार मिनिटांच्या वाटेला रुश्दीसाहेबांना बारा मिनिटं लागली. रस्ता ओलांडताना एका मोटारवाल्याने त्यांना शिव्या घातल्या. कोर्टाच्या मोठ्या दालनात ते पोचले तेव्हा खिडकीचा पडदा अर्ध्यावर आला होता, आणि फहीमने त्याखाली कोपर घालून ठेवलं होतं.

"काढा ते कोपर!" आतून शाबान खेकसत होता. "वेळ संपली!"

"सहा मिनिटं आहेत. तुझंच घड्याळ बघ. मोज पानं!"

शाबानने कुरकुरत पानं मोजली. चौदा. चौदाव्यावर थबकला. "इथे दोन सह्या दिसतात. ही वरची कोणाची?"

"ती सोड," रुश्दीसाहेब मागून म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "खालची वाच."

शाबानने मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना तो ओळखत होता. तो चाचरला. "लबीब मिखाईल तादरोस," त्याने वाचलं.

"नीट वाचता येतं?"

"स्वच्छ आहे साहेब."

शिक्का पडला. एक वाजून छपन्न मिनिटं. उस्ता अब्दुल-मौजूदने पावती हातात घेतली, आणि तिच्यावर त्याला वाचता येईल अशी एकच गोष्ट होती, ती त्याने बोट ठेवून वाचली: नगात अब्दुल-मौजूद. मग तो तिथेच, दालनाच्या फरशीवर बसून रडला.

पुढचं सांगायचं तर फार नाही. सव्वा वर्षाने सर्वोच्च न्यायालयाने अपील मंजूर केलं, निकाल रद्द केला आणि खटला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे पाठवला. तिथे नगात सुटली. निकालपत्रावर वकील म्हणून लबीबचं नाव होतं, आणि वर्तमानपत्रांनीही त्याचीच तारीफ केली. रुश्दीसाहेबांच्या नावाचा कुठे उल्लेख नव्हता. इन्साफने ती बातमी त्यांना वाचून दाखवली, कारण तोवर त्यांना पेपर हातात धरवेनासा झाला होता.

पण त्या दिवशी, शिक्का पडल्यावर, उस्ता डोळे पुसत नळाकडे गेला आणि खिडकीपाशी दोघंच उरले. फहीम पाकीट काखेत मारून निघाला होता. रुश्दीसाहेबांनी त्याला हाक मारली. नावाने मारली.

"फहीम. मला माफ कर."

फहीम थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडा कंटाळा होता, दिवसभराच्या कामाचा असतो तसा.

"मी सुटलो, साहेब. उशिरा का होईना, सुटलो," तो म्हणाला. "माझी आई दर बुधवारी भेटीला यायची. सातव्या वर्षापर्यंत आली. मग तिची जागा रिकामी राहिली. माफ करायचं ते तिनं करायचं होतं. माझ्या हातात ते नाही."

रुश्दीसाहेबांचे डोळे वाहत होते आणि उजवा हात मोकळा हलत होता, भर कोर्टात, सगळ्यांदेखत.

फहीमने जवळ येऊन तो हात मनगटाशी धरला.

"चला. बाहेरच्या पायऱ्या उंच आहेत," तो म्हणाला, आणि त्याने त्यांना धरून एकेक पायरी खाली उतरवलं.